टॅपेट कव्हरचं पॅकिंग: सहा महिने वापरल्यानंतर

सिग्नलला गाडी थांबली की एसीच्या जाळीतून करपलेल्या तेलाचा वास यायचा. चालत्या गाडीत तो जाणवत नसे, त्यामुळे पुढच्या ट्रकचा असेल असं मी बरेच दिवस धरून चालले. एका सकाळी बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या) बाजूने तेलाचा काळा ओघळ खाली उतरलेला. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. मॅनिफोल्ड शेकडो अंशांपर्यंत तापतो, तेल त्यावर ठिबकत राहिलं तर आग लागू शकते.

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल, १४ वर्षं जुनी, वडिलांच्या हातची. आधी मी गळती थांबवणारं द्रव आणून ऑइलमध्ये ओतलं. ते रबर थोडं फुगवतं, म्हणून बारा-तेरा दिवस सगळं कोरडं राहिलं आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. एका मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि ऑइल पॅनचं पॅकिंग गेलंय असं सांगितलं. तेही मला पटेना. तेल वरून खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. सगळ्यात खालचा भाग ओला दिसला म्हणून गळती तिथेच असते असं नाही. मी इंजिन बाहेरून पुसून कोरडं केलं, पंधरा मिनिटं चालू ठेवलं आणि बंद करून टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत आले. पहिला ओलावा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्याखाली दिसला.

म्हणून हे किट मागवलं. त्यात कव्हरचं पूर्ण पॅकिंग, स्पार्क प्लगच्या नळ्यांची चार गोल सील आणि बोल्टखालचे रबरी वायसर येतात. नळ्यांची सील सोबत आहेत हे मला फार आवडलं, कारण तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं होतं आणि आयडलिंगला गाडी मिसिंग करायची ती त्यामुळेच. तुमच्याकडेही असं असेल तर प्लग काढायच्या आधी ते तेल कापडाने पूर्ण टिपून घ्या, नाहीतर प्लग सुटताच ते सिलिंडरमध्ये उतरतं.

जुनं पॅकिंग काढताना वाळल्या शेंगेसारखं कडाकडा तुटलं. आपण पॅकिंग झिजलं म्हणतो, पण ते घासून झिजत नाही. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, दाबाखाली चपटं होतं आणि पुन्हा उसळून फट भरायची ताकद त्यात उरत नाही. नव्याची गोलसर कड जुन्याच्या सपाट कडेशेजारी धरली तेव्हा ते द्रव का चाललं नाही हेही कळलं.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत घट्ट बसलं, उलटं धरलं तरी सुटलं नाही. पाकिटात घडी घातल्याने एका ठिकाणी बाक आला होता. कोमट पाण्यात ठेवल्यावर तो गेला, मग पॅकिंग पुसून पूर्ण वाळवलं. सगळ्यात जास्त वेळ हेडची, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या वरच्या भागाची, कड साफ करण्यात गेला. हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्यामुळे लोखंडी पातं लावू नका, ओरखड्यातून पुन्हा गळेल. मी प्लॅस्टिकची पट्टी वापरली.

तक्रारी दोन आहेत. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) आणि हेड जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका लागतो, तो किटमध्ये मिळत नाही. तो वेगळा घ्या, पण सबंध खाचेत मात्र भरू नका. जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला दबून निघतं, त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतात. दुसरी तक्रार गंभीर आहे: माहितीपत्रकात बोल्ट किती आवळायचे याचा आकडाच नाही. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो १० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे फार थोडा. नेहमीच्या पान्याने हाताच्या अंदाजावर आवळलं तर तो सहज ओलांडला जातो आणि पॅकिंग चेपतं किंवा कव्हर वाकतं. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) घेऊन मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बोल्टांकडे जात दोन फेऱ्यांत आवळा.

किटबाहेरची एक वस्तू सांगायलाच हवी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारा वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवला तर खुळखुळ आवाज येईना, गाळाने पार बसला होता. त्याने इंजिनच्या आतल्या वायूचा दाब वाढतो आणि तेल कमकुवत जागेतून बाहेर ढकललं जातं. तोही बदलला. तसाच ठेवला असता तर नव्या पॅकिंगवर पहिल्या दिवसापासून तोच दाब आला असता.

आता सहा महिने आणि साधारण ७,००० किलोमीटर झाले. वास गेला, मिसिंग गेलं. पूर्वी दर हजार किलोमीटरला डिपस्टिकवरची पातळी स्पष्ट खाली आलेली दिसायची, आता मधल्या काळात तेल घालावं लागलेलं नाही. मागच्या कोपऱ्याखाली बोट फिरवलं तर नुसती धूळ लागते.

माझं कव्हर धातूचं आहे. तुमचं प्लॅस्टिकचं असेल तर किट मागवण्याआधी त्याच्या कडेवर सरळ पट्टी धरून बघा. कव्हरच वाकलं असेल तर हे पॅकिंग ती फट भरणार नाही, कव्हर बदलावं लागेल.