रेज अगेन्स्ट द मशीन: आधी 1992 चा अल्बम घ्यावा की ‘ईव्हिल एम्पायर’?

रेज अगेन्स्ट द मशीन हा रॅप आणि रॉक एकत्र करणारा अमेरिकन बँड. त्याचा एकच अल्बम घ्यायचा असेल, तर पहिला, म्हणजे 1992 चा घ्या. मात्र ज्यांचा ओढा मुळात रॅपकडे आहे, किंवा गिटारमधून असे आवाज निघतातच कसे हे ज्यांना समजून घ्यायचंय, त्यांनी सरळ ‘ईव्हिल एम्पायर’पासून सुरुवात करावी. दोन्ही अल्बममध्ये माणसं तीच आहेत: गायक झॅक डी ला रोचा, गिटारवर टॉम मोरेलो, बासवर टिम कॉमरफोर्ड आणि ड्रमवर ब्रॅड विल्क. तरी ऐकताना दोन्हींची मागणी वेगळी आहे, आणि चुकीच्या क्रमाने ऐकल्यामुळे दुसरा अल्बम नावडलेले लोक बरेच आहेत.

पहिला अल्बम नोव्हेंबर 1992 चा. त्यात 10 गाणी असून तो जवळपास 53 मिनिटांचा आहे. ‘ईव्हिल एम्पायर’ आला 16 एप्रिल 1996 ला. 11 गाणी, साधारण साडेशेहेचाळीस मिनिटं. म्हणजे पहिल्यात एका गाण्याला सरासरी सव्वापाच मिनिटं मिळतात, दुसऱ्यात सव्वाचार. हा एका मिनिटाचा फरक वरवरचा नाही. पहिल्यातली गाणी चढत जातात: आधी बास एकटा चालतो, मग ड्रम येतो, आवाज दबून राहतो आणि शेवटी सगळं एकदम फुटतं. ‘किलिंग इन द नेम’, ‘बुलेट इन द हेड’, ‘फ्रीडम’ आणि ‘वेक अप’ ही चारही गाणी अशी बांधलेली आहेत. दुसऱ्यात ही चढण बहुतेक ठिकाणी काढून टाकली आहे. ‘पीपल ऑफ द सन’ अवघ्या अडीच मिनिटांत आटोपतं आणि पहिल्या सेकंदापासून अंगावर येतं.

निर्माताही बदलला. पहिला गार्थ रिचर्डसनने केला, दुसरा ब्रेंडन ओब्रायनने. पहिल्यात ड्रमभोवती खोलीची हवा ऐकू येते, प्रत्येक वाद्याला आपली जागा आहे. स्पीकर पारखायला आजही लोक हाच अल्बम लावतात, ते उगाच नाही. दुसऱ्याचा आवाज कोरडा, खरखरीत आणि जवळचा आहे. झॅकचा घसाही इथे जास्त ताणलेला आहे.

‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ ही दुसऱ्या अल्बमबद्दलची तक्रार खरी आहे, आणि तिला कारणही आहे. चाल अशी फार थोडी आहे. एखादी छोटी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, घट्ट धरून ठेवायची आणि तिच्यावर एकाच सुराच्या आसपास शब्दांची फेक चालू ठेवायची, अशी त्याची घडण आहे. डफ-तुणतुण्यावर शाहीर ऐकलेल्या कानाला हे परकं वाटू नये. तिथेही लक्ष शब्दावर आणि ठेक्यावर असतं. पण फोनच्या स्पीकरवर कॉमरफोर्डचा बास नाहीसा होतो, उरते ती नुसती खरखर. निदान बरे हेडफोन हवेत. आणि दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी हाताने सारखी करून घ्या. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि निवड तिथेच चुकते.

गिटार शिकणाऱ्यांसाठी फरक आणखी मोठा आहे. पहिल्या अल्बममधल्या रिफ हाताला लवकर बसतात. ‘किलिंग इन द नेम’साठी सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवा, की निम्मं काम झालं. त्यातल्या सोलोला मात्र व्हॅमी पेडल लागतं. पायाने सूर वर फेकणारं ते पेडल नसेल तर तो सोलो तसा वाजत नाही. अल्बमवर छापलंय की यात सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही. ते वाक्य डोक्यात ठेवून दुसरा अल्बम ऐका, कारण तिथे मोरेलोने गिटारचा टर्नटेबल, म्हणजे डीजेची रेकॉर्ड फिरवायची तबकडी, करून टाकलाय.

‘बुल्स ऑन परेड’चा सोलो बघा. दोन पिकअपना (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांना) वेगवेगळे व्हॉल्यूम असलेली गिटार लागते. एक व्हॉल्यूम पूर्ण बंद, दुसरा पूर्ण उघडा. एका हाताने तारा घासायच्या, दुसऱ्या हाताने पिकअप बदलणारा टॉगल स्विच पुढेमागे करत आवाज तोडायचा. वा-वा पेडल चालू ठेवलं की घासण्याच्या आवाजाला डीजेच्या स्क्रॅचसारखी धार येते. फसतं ते दोन ठिकाणी. गिटारला एकच मास्टर व्हॉल्यूम असेल, तर स्विच कुठेही नेला तरी आवाज तुटत नाही. आणि डिस्टॉर्शन फार वाढवलं, तर ॲम्प शिट्टी घालायला लागतो आणि घासण्यातला ताल हरवतो. ‘पीपल ऑफ द सन’ची सुरुवातीची किरकिर तर तारेवर ॲलन-की (षटकोनी पाना) घासून काढलेली आहे. हे आवाज तुम्हाला खुणावत असतील, तर 1996 चाच अल्बम तुमचा.

शब्दांचं म्हणाल, तर पहिल्यातला राग कुणालाही लगेच कळतो: पोलीस, टीव्ही, शाळेत एकाच बाजूने शिकवला जाणारा इतिहास. दुसऱ्याला थोडी तयारी लागते. 1 जानेवारी 1994 ला उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार, म्हणजे नाफ्टा, लागू झाला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापासमध्ये झपातिस्तांनी, म्हणजे तिथल्या आदिवासी बंडखोरांनी, उठाव केला. झॅक तिथे जाऊन आला होता. ‘पीपल ऑफ द सन’ आणि ‘विंड बिलो’ हा संदर्भ ठाऊक नसेल, तर नुसती आरडाओरड वाटतात. अल्बमचं नावही उलटवून घेतलेलं आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी 1983 मध्ये ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं ते सोव्हिएत संघाला. या चौघांनी तो शब्द अमेरिकेलाच परत केला. आतल्या पुस्तिकेत पुस्तकांच्या ढिगाचा फोटो आहे, तो वाचनाच्या यादीसारखा वापरता येतो.

यश पाहून निवडणार असाल, तर त्यातून फारसं हाती लागत नाही. दुसरा थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बम-खपाच्या यादीच्या, पहिल्या क्रमांकावर उतरला, पहिला 45 च्या वर चढला नव्हता. तरी अमेरिकेत दोन्ही तिप्पट प्लॅटिनम, म्हणजे तीस लाख प्रतींचे, आहेत. ‘टायर मी’ला 1997 चं मेटलसाठीचं ग्रॅमी मिळालं, पण तीन मिनिटांचं ते गाणं या अल्बमचा नमुना म्हणून आधी ऐकवू नये.

पहिला घेताना 2012 ची विसाव्या वर्षाची आवृत्ती दिसेल. तिच्यात मूळ डेमो टेप आहे, ती अल्बम पाठ झाल्यावरच उपयोगी. सुरुवातीला साधी प्रत पुरते. घरात लहान मुलं असतील तर ‘किलिंग इन द नेम’ हेडफोनवरच ऐका, शेवट शिव्यांचा आहे. दुसरा ऐकताना पहिल्या दिवशी ‘बुल्स ऑन परेड’, ‘डाउन रोडिओ’ आणि ‘व्हिएटनाऊ’ एवढीच लावा. ‘रिव्हॉल्व्हर’ची दबलेली सुरुवात पहिल्या अल्बमची आठवण देते, ते दुसऱ्या दिवशी. ‘विदाउट अ फेस’ आणि ‘रोल राइट’ ही त्यातली कच्ची गाणी. ती मागे राहिली तरी चालेल. ‘विंड बिलो’ सर्वांत शेवटी, गाण्याचे शब्द समोर उघडे ठेवून.