ग्राम्शी मॉन्युमेंट : प्लायवूड, पॅकिंग टेप आणि बसायला जागा

राजकीय तत्त्वज्ञानावर बेतलेलं प्रदर्शन बघायला गेले की मी आधी खुर्च्या शोधते. भिंतीवर हॅना आरेन्टची चार वाक्यं, अंधाऱ्या खोलीत लांबलचक व्हिडिओ आणि टेकायला एकच अरुंद बाक, तोही कुणीतरी पटकावलेला, हे नेहमीचं दृश्य. ज्या विचारवंताला वाचायला महिने लागतात, त्याला उभ्या-उभ्या उरकायचं!

स्विस कलाकार थॉमस हिर्शहॉर्नच्या ‘ग्राम्शी मॉन्युमेंट’मध्ये, म्हणजे इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शीच्या स्मारकात, मात्र मी दुपारभर बसून होते. 2013 मध्ये 1 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, फॉरेस्ट हाउसेस नावाच्या सरकारी घरांच्या वसाहतीत ते उभं होतं. खर्च डिया आर्ट फाउंडेशनचा, प्रवेश फुकट. स्मारक म्हणून पुतळा शोधत येणाऱ्याची निराशाच. इमारतींमधल्या मोकळ्या जागेत प्लायवूडचे उंच मंच, त्यांना जोडणारा छोटा पूल आणि जिकडेतिकडे खाकी पॅकिंग टेप. दिसायला सुबक अजिबात नाही. पहिल्यांदा बघताना काम अर्धवट राहिलंय असंच वाटतं.

पण आत काय काय होतं! ग्राम्शीची आणि त्याच्यावरची मिळून सुमारे 500 पुस्तकं, संगणकांचा कोपरा, रेडिओ केंद्र, रोज निघणारं वर्तमानपत्र, मुलांचा चित्रकलेचा वर्ग, खाण्यापिण्याचा बार आणि रोज तत्त्वज्ञानावर एक व्याख्यान. बांधकामापासून वर्तमानपत्रापर्यंत कामाला वसाहतीतलेच रहिवासी, आणि रीतसर मजुरी घेऊन. सगळी माणसं बुद्धिजीवी असतात, पण समाजात बुद्धिजीवीचं काम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, असं ग्राम्शीनं मुसोलिनीच्या तुरुंगात वह्यांमध्ये लिहिलं. इथे ते काम प्रत्यक्ष वाटलं गेलं होतं. कुणी अंक काढतंय, कुणी माइकवर बोलतंय. ग्राम्शीच्या सपाता काचेआड ठेवल्या होत्या. त्यांच्यापुढे मी फार रेंगाळले नाही. अवशेषांची पूजा ग्राम्शीच्या वाट्याला तरी येऊ नये.

हिर्शहॉर्न जागा शोधत शहरातल्या बऱ्याच वसाहती हिंडला होता. आपण समाजसेवा करायला आलेलो नाही, उलट आपल्यालाच तुमची मदत हवी आहे, असं तो रहिवाशांना सांगायचा. हा सूर मला आवडला, कारण उपकाराचा वास आला की अशी प्रदर्शनं तिथल्या तिथे मरतात. तरीही एक प्रश्न उरतोच. काम सगळ्यांचं आणि कलेच्या इतिहासात नाव एकाचं, हे ग्राम्शीला कितपत रुचलं असतं?

व्याख्यानं जड होती. आपल्याला सगळं कळलं असं म्हणणारा श्रोता मला काही भेटला नाही. पण ती सोपी करून सांगण्याचा अट्टहासही नव्हता, आणि ते मला योग्यच वाटतं. वसाहतीतल्या लोकांना झेपणार नाही असं आधीच ठरवून टाकणं हा जास्त मोठा अपमान.

तुलनेसाठी 2015 चं व्हेनिस बिनाले, म्हणजे व्हेनिसमध्ये दर दोन वर्षांनी भरणारं भलंमोठं कलाप्रदर्शन घ्या. त्याचे क्युरेटर ओक्वुई एन्वेझोर यांनी मध्यवर्ती दालनात खास रंगमंच उभारून मार्क्सच्या ‘भांडवल’चं जाहीर वाचन ठेवलं होतं, बिनाले चालू असेपर्यंत. कल्पना जबरदस्त, बसायची सोयही होती. तरी मार्क्स आणि पुढचं दालन यांच्यात प्रेक्षकाला निवड करावी लागली, तर बहुतेक वेळा पुढचं दालन जिंकणार. बिनालेत बघायचं इतकं असतं की बसणाराही मनातून उठलेलाच असतो. ब्रॉंक्समध्ये श्रोते घरी जायचे ते जिना चढून.

हिर्शहॉर्नच्या आधीच्या तीन विचारवंतांच्या स्मारकांप्रमाणे (स्पिनोझा, डेल्यूझ, बाताय) हेही शेवटी मोडण्यात आलं. स्मारक तात्पुरतंच असावं, कायम राहील ते लोकांच्या आठवणीत, अशी त्यामागची भूमिका. मला ती अर्धीच पटते. प्लायवूड जायला माझी काहीच हरकत नाही. ग्रंथालय आणि रेडिओ मात्र ठेवायला हवे होते, त्यांना एक खोली पुरली असती.