पायडलचा मॉप नको, दाबायचा घ्या (आठव्या महिन्यातून लिहिते आहे)

हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, फिरकीच्या मॉपचा आहे. बेळगावात गणपत गल्लीत कुठल्याही प्लॅस्टिकच्या दुकानात विचारा, चार नावांचे चार डबे पुढ्यात येतील. उघडून बघितलं तर बादली तीच, जाळी तीच, दांडा तोच. रंग आणि डब्यावरची हसणारी बाई तेवढी वेगळी. म्हणून नाव सांगून उपयोग नाही. मला तो बाराशेला पडला. दुकानदारानं सोळाशे सांगितले होते. मी पोटावर हात ठेवून त्याच्या स्टुलावर बसून राहिले, मग हळूहळू उतरला.

घर कसं आहे ते आधी सांगायला पाहिजे, कारण मॉप चांगला की वाईट हे निम्मं फरशीवर असतं. आमचं घर वडगावात, विणकराचं. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. माग चालू असले की सुताचा बारीक कापूस उडत राहतो. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पांढुरकी दिसते. सोप्यात कोबा, माजघरात जुनी शहाबादी, स्वयंपाकघरात नव्या गुळगुळीत टाइल्स. त्यात बाहेर पाऊस. आषाढ-श्रावणात बेळगावात फरशी पुसली की वाळत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. आणि घरात तीन वर्षांची थोरली, जी चालत कधी नाही, पळतच येते.

आमच्याकडं आठवा लागला की सगळ्या बायकांचं एकच म्हणणं: उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं होतंय. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नववा भरला तरी शेणानं सारवत होतो की. दांड्याला धरून कुठं पुसत्यात गं?" थोरलीच्या वेळी मी तसंच पुसलं. तेव्हा जमलंही. या खेपेला मात्र उकिडवं बसलं की उठताना जांघेत आणि पुढच्या हाडात अशी चमक निघायची की भिंत धरून उभी राहायची. खाटेवर कूस बदलताना तीच चमक, जिना चढताना तीच.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथं मी हे सगळं बोलले. डॉक्टरबाईंनी सासूबाईंना खोटं पाडलं नाही, हे मला आवडलं. उकिडवं बसल्यावर ओटीपोटाच्या हाडांमधली खालची वाट थोडी रुंदावते, ते खरं आहे म्हणाल्या. वार (प्लॅसेंटा) खाली नसेल, बीपी ठीक असेल, दुखत नसेल, तर खाटेला धरून सावकाश बसावं आणि उठावं. पण ओल्या फरशीवर बेडकासारखं सरकत सरकत फडकं मारणं म्हणजे व्यायाम नव्हे. शेवटच्या महिन्यांत सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोटामुळं तोल पुढं गेलेला असतो, आणि स्वतःचं पाऊल स्वतःला दिसत नाही. माझं दुखणं त्या सैल सांध्यांचंच होतं. त्यांनी आणखी एक सांगितलं, जे या रिव्ह्यूच्या कामाचं आहे: एका पायावर भार देऊन उभं राहायचं नाही. परकर, चप्पल, जे काय घालायचं ते बसून. जड काही ढकलायचं किंवा ओढायचं नाही.

आता पायडलकडं येते. माझ्या नणंदेकडं अनगोळात पायडलचा मॉप आहे, आमच्यापेक्षा महाग. बादलीच्या बाजूला पायडल असतं, ते पायानं खालीवर दाबलं की जाळी फिरते आणि झुपक्यातलं, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या धाग्यांमधलं, पाणी निथळतं. दुकानात तो फार शाही वाटतो, कारण वाकायला लागत नाही, हाताला जोर नाही. मी तिच्याकडं चालवून बघितला. एका हातानं दांडा सरळ धरायचा, एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायानं धप धप दाबत राहायचं. डॉक्टरबाईंनी जे करू नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच हे यंत्र करून घेतं, तेही बादलीच्या कडेला सांडलेल्या पाण्यात उभं करून. चार दाबात माझं हाड बोललं. पोट नसलेल्या माणसाला तो मॉप उत्तम असेल, माझं काही म्हणणं नाही.

मी घेतलेला दाबायचा आहे. दांड्याच्या आत पिळाची पट्टी असते. झुपका जाळीत ठेवून दांडा खाली दाबला की तो पिळ जाळीला गरगर फिरवतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात दांड्यावर, दांडा छातीशी. कंबर सरळ राहते. दांडा लांब-आखूड होतो; छातीच्या उंचीला आणून कुलूप फिरवून घट्ट करा, नाहीतर दाबताना तो आतल्या आत सरकतो आणि हनुवटीला लागतो. हे कुलूप या मॉपचं सगळ्यात कच्चं काम आहे. दुकानातच दाबून बघा, सरकला तर दुसरा मागा.

जाळी स्टीलची घ्या. प्लॅस्टिकची शंभर-दीडशेनं स्वस्त असते, पण तिचे दात झुपक्याचे धागे ओढतात.

बादलीला खाली बूच आहे की नाही ते बघायचं विसरू नका. हे कुणी सांगत नाही. बूच नसेल तर घाण पाणी ओतायला बादली उचलून उलटी करायला लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; पाच-सहा लिटर आणि वर बादली, जाळी. एवढं वजन वाकून उचलायचं असेल तर फडकं काय वाईट होतं? बूच असलं की बादली न्हाणीच्या मोरीवर ढकलायची आणि बूच काढायचं.

ढकलायची म्हटलं, पण त्यालाही मेख आहे. बादलीला चाकं आहेत आणि आमच्या घराला उंबरे आहेत. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरा वीतभर उंच आहे. हा मॉप बनवणाऱ्यानं उंबऱ्याचं घर बघितलेलंच नसावं. त्यामुळं भरलेली बादली मी उंबऱ्यावरून नेतच नाही. रिकामी बादली उंबऱ्यापलीकडं ठेवायची, मग तांब्यानं पाणी आणून त्यात ओतायचं. चार-पाच तांबे पुरतात. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तसंही बादली भरभरून पाणी कुणाला परवडतंय? फडक्याला दोनतीनदा पाणी बदलायला लागायचं, याला एकदाच. एक आहे, बादली एकच असल्यामुळं शेवटी शेवटी घाण पाण्यातच झुपका बुडतो. म्हणून आधी स्वयंपाकघर आणि मग माजघर, हा क्रम ठेवा.

फरशीनिहाय सांगायचं तर टाइल्सवर काम झकास. झुपका नीट पिळला असेल तर पावसाळ्यातसुद्धा, पंखा लावून, चहा होईपर्यंत फरशी कोरडी. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा हाच. फडक्यानं पुसलेली फरशी ओलसर राहायची आणि थोरली त्यावरून सुसाट. मी तिला आवरायला धावणार, म्हणजे दोघी खाली. आशा कार्यकर्ती ताई कार्ड बघायला येते, ती दारातूनच कानडीत ओरडते, "हुशार री अक्का!" कारण आमच्या दारातली पायरी शेवाळलेली. तिनं सांगून ठेवलंय: या महिन्यात घसरून पडलीस, पोटाला मार बसला, तर दुखत नसलं तरी दवाखाना गाठायचा; रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर थांबायचंच नाही, 108 लावायचा. वार आतून सुटायची भीती असते आणि ते बाहेरून कळत नाही.

शहाबादीवर मॉप रडतो. फरशी खडबडीत, सांध्यांमधलं सिमेंट उडालेलं, त्यात धागे अडकतात. पुसल्यासारखं दिसतं, पण सांध्यातली घाण तिथंच. आठवड्यातून एकदा कुणीतरी खाली बसून खराट्यानं घासल्याशिवाय ती निघत नाही. कुणीतरी म्हणजे मी नव्हे.

सोप्यात, मागाखाली, मॉप अजिबात नेऊ नका. तिथं कापूस आणि तेल एकत्र असतं. मायक्रोफायबरचे धागे कापूस असा धरून ठेवतात की झुपका वाळल्यावर बोटांनी एकेक पुंजका उपटत बसायला लागतं. तेल लागलं तर तोच झुपका टाइल्सवर फिरवला की फरशी चकचकीत दिसते आणि पाय ठेवला की पाय जातो. घरात माग नसला तरी हे लक्षात असू द्या, खोबरेल सांडलं तर आधी जुन्या कागदानं टिपा.

तेलाचं सांगायला कारण घडलं. आमच्या ह्यांना दांड्यातून येणारा कर्रकर्र आवाज खपेना. यंत्राचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस तो. मी दवाखान्यात गेले तेव्हा दांडा खोलून मागाचं तेल घातलं. आवाज गेला. तेल पिळावरून उतरून जाळीत आलं, जाळीतून झुपक्यात. दोनदा सोड्याच्या गरम पाण्यात झुपका उकळला तेव्हा सुटला.

पण खरी गोष्ट इथंच आहे. आमच्या घरात काय आणि गल्लीत काय, गडी माणूस फडकं घेऊन उकिडवा बसलेला मी बघितलेला नाही. लाजतात म्हणा, सवय नाही म्हणा. हा मॉप मात्र ह्यांनी आपणहून उचलला. दांडा आहे, फिरकी आहे, दाबलं की गर्र होतंय. त्यांना ते यंत्रच वाटलं. आता रात्री माग बंद झाले की माजघर तेच पुसतात. कोपरे सोडतात, दाराआडचं तर त्यांना दिसतच नाही, पण पुसतात. सासूबाईंनी पहिल्या दिवशी दार ओढून घेतलं, शेजारणीला दिसायला नको म्हणून. हल्ली त्याच सांगतात, "अरे, तिथं राहिलंय बघ." बाराशे रुपयांत माझ्या कमरेला काय मिळालं म्हणाल तर मॉपपेक्षा हे जास्त.

फिनेलचं एक. मला सातव्यापासून तो वास सोसत नाही, जेवलेलं वर येतं. तशीच छातीत जळजळ असते. मी साध्या पाण्यानं पुसते, घरच्या बाकीच्यांनी पुसायचं असेल तेव्हा फिनेल घरात आणि मी परसात. संडासाचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून भारी काहीतरी बनवणारी माणसं असतात. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो, छातीला बाधतो. गरोदर असो नसो, करू नका.

झुपके जास्तीचे दोन त्याच दुकानातून, त्याच वेळी घ्या. झुपका ज्या थाळीवर बसतो तिचं माप सगळ्यांचं सारखं नसतं आणि पुढच्या खेपेला त्या साच्याचा माल दुकानात असेलच असं नाही. मला दीडशेला एक पडला. धुऊन उन्हात वाळवायला पाहिजे, पावसाळ्यात ऊन नसलं तर चुलीमागं टांगा. ओला तसाच बादलीत ठेवला की दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास.

आणखी एका गोष्टीत पैसे घालणार होते, ती म्हणजे पोटाखाली घ्यायची लांब उशी. ऑनलाइन दोन हजारापर्यंत सांगतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पाठीवर न झोपता कुशीवर झोपावं, डावी कूस बरी, एवढंच तर त्या उशीनं साधायचं. घरात जुनी वाकळ आहे, ती गुंडाळून गुडघ्यांच्या मधे घेते, एक घडी पाठीशी. जांघेतली चमक निम्म्यानं कमी झाली. उशीचे पैसे वाचले, ते मॉपात गेले असं समजा.

टाइल्सच्या घराला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण दांड्याच्या कुलपाचा कापला. शहाबादीला दोन. कोब्याला, आणि तेलाजवळ, काही नाही. नणंदेचा पायडलवाला सध्या तिच्या माळ्यावर आहे. ती म्हणते स्वस्तात देते, पण न्यायला दोन्ही पाय धड असलेला माणूस पाठवा.