सेट-नेट मराठी: छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात मिळणारं एक जाडजूड गाइड

सेट-नेट म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. विषयाच्या पेपर दोनचे 100 प्रश्न, 200 गुण. त्यासाठी हे गाइड निम्मंच पुरतं. साहित्यशास्त्र नेटकं आहे. रसनिष्पत्तीचा (रस कसा निर्माण होतो, याबद्दलच्या मतांचा) तक्ता तर झकास: लोल्लट उत्पत्ती, शंकुक अनुमिती, भट्टनायक भुक्ती, अभिनवगुप्त अभिव्यक्ती. जोड्या लावायला तेवढं बास.

घोळ मध्ययुगीन भागात. शक आणि इसवी सन सरमिसळ छापलेत. ‘लीळाचरित्र’ इ.स. 1278, खाली ‘ज्ञानेश्वरी’ शके 1212. नुसते आकडे पाहून क्रम लावला की उलटा लागतो आणि प्रश्न हातचा जातो. प्रत्येक शकात 78 मिळवून समासात पेन्सिलीनं लिहून घ्या (1212चे 1290). अंबाजोगाईच्या मुकुंदराजांना (‘विवेकसिंधु’कार) जेमतेम चार ओळी. मराठवाड्यात विकायच्या पुस्तकाला हे शोभत नाही.

उत्तरसूचीत नुसते पर्याय, स्पष्टीकरण नाही. बांधणी चिकटवलेली, आधी शिवून घ्या.