दादरच्या फिजिओथेरपी केंद्रातील शेक : एक अभिप्राय

दादर पश्चिमेच्या एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात आईच्या गुडघ्यांना मिळणारा शेक घरच्या रबरी पिशवीपेक्षा बराच शिस्तीचा आहे. सुमारे 70 ते 75 अंश सेल्सिअसच्या पाण्यातून काढलेला हॉट पॅक टॉवेलच्या अनेक घड्यांत गुंडाळून 15 ते 20 मिनिटे ठेवतात आणि मधेच टॉवेल उचलून त्वचा फार लाल तर झाली नाही ना, हे पाहतात. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात आणि सांध्याभोवतीच्या ऊती अधिक ताणता येतात. म्हणूनच येथे शेकानंतर लगेच व्यायाम करवून घेतात, आणि माझ्या मते खरा गुण त्याचाच आहे. हा शेक जेमतेम एक-दोन सेंटिमीटर खोल पोहोचतो. त्याहून खोल जाणारी शॉर्टवेव्ह डायथर्मी (यंत्रातील विद्युतचुंबकीय लहरींनी दिलेला शेक) सुचवताना पेसमेकर किंवा शरीरात धातू आहे का, याची चौकशी झाली. आईला मधुमेह असल्याने पायांना गरम-गार नीट कळते का, हेही आधी तपासले. ताज्या मुरगळीच्या सुजेवर मात्र शेक देत नाहीत. गैरसोय म्हणाल तर केंद्र पहिल्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी ही थट्टाच म्हणायची. शिवाय वेळ ठरवूनही संध्याकाळी ताटकळावे लागते.