चायना ग्रास: पट्टी घ्यावी की पावडर?
नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातल्या किराणा दुकानांत चायना ग्रासची पट्टीही मिळते, पावडरही. माल एकच, समुद्री शेवाळातलं अगर, म्हणजे जेली-पुडिंग आळवायचा पदार्थ. उकळत्या पाण्यात ते विरघळतं, निवताना त्याचे धागे जाळं विणतात आणि पाणी त्यात अडकून बसतं. जेल म्हणतात ते हेच.

पट्टी पांढरट, कोरडी, कुरकुरीत बघून घ्या. दमट आणि उग्र वासाची नको. 1 लिटर दुधाला 10 ग्रॅम पुरते. कात्रीने तुकडे करून अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात ढवळत उकळा. चमचा उचलला तर त्यावर एकही पारदर्शक कण दिसता कामा नये. गाळून गरम दुधातच ओता. फ्रिजमधल्या दुधात ओतलं तर तिथल्या तिथे आळतं आणि दुधात शेवया तरंगतात.

द्राक्षाच्या रसाची जेली करणाऱ्यांनी (नाशिकात ते आलंच) रस अगरसोबत उकळू नये. आम्लाने जाळं तुटतं, जेली लिबलिबीत होते. भांडं उतरवल्यावर कोमट रस घाला.

पावडर भिजवावी लागत नाही, पण तिची ताकद कंपनीगणिक बदलते. आधी वाटीभर पाण्यावर अंदाज घ्या. रोजच्या वापराला पट्टीच बरी.

मे महिन्यातही हे फ्रिजबाहेर आळतं आणि वितळत नाही. दुसऱ्या दिवशी कडेला पाणी सुटतं, तो दोष नव्हे. जिलेटिनसारखं तोंडात विरघळणार मात्र नाही. ती अपेक्षा असेल तर घेऊ नका.