फोटोच्या खेळाचे सात महिने: सर्जा चंद्रावर, बिबट्या बांधावर आणि मायचं इरकल

गेल्या पोळ्याला उदगीरजवळच्या मळ्यात मी मामांच्या सर्जाचा फोटो काढला. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मावसभावाने लिहिलं, "ह्याला चंद्रावर नेऊन दाखवा." तिथून जो खेळ सुरू झाला तो अजून चालू आहे. रविवारी सकाळी एकाने विषय द्यायचा, रात्री नऊपर्यंत बाकीच्यांनी फोटो टाकायचे. आम्ही चौदा जण आहोत, उदगीर, नांदेड आणि पुण्यात विखुरलेले. सर्वांत धाकटी भाची सहावीत आहे. सुरुवातीला नियम दोनच. मूळ फोटो स्वतः काढलेला किंवा घरातला हवा, आणि बदललेल्या फोटोशेजारी तो मूळ फोटोही टाकायचा.

या सात महिन्यांत नऊ-दहा अॅप वापरून झाली. त्यातली बरीचशी काढून टाकली. कुणाला असा खेळ सुरू करायचा असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी साधनांचं सांगतो. फोनवर स्नॅपसीड. ते २०११ मध्ये निक सॉफ्टवेअरने आणलं, पुढच्याच वर्षी ती कंपनी गूगलने घेतली. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि केलेला प्रत्येक बदल मागे जाऊन पुन्हा दुरुस्त करता येतो. नवशिक्याला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही. लॅपटॉपवर फोटोपी. ते ब्राउझरमध्येच उघडतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, लेअर (एकावर एक ठेवायचे चित्राचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकायची सोय) फोटोशॉपसारखेच. इव्हान कुत्स्कीर या एकट्या प्रोग्रामरने ते उभं केलं आहे. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की फोटो आपल्याच मशीनवर राहतो, कुठल्या सर्व्हरवर चढत नाही. घरातल्या बायामाणसांचे फोटो असतात, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो. आणि एआयसाठी गूगलचं जेमिनी. २०२५ च्या ऑगस्टअखेर त्यात फोटो बदलायचं नवं मॉडेल आलं, लोक त्याला नॅनो बनाना म्हणतात. सप्टेंबरमध्ये जिकडेतिकडे जुन्या सिनेमातल्यासारखे साडीतले फोटो दिसत होते, ते त्यातलेच.

आता सर्जाकडे येतो, कारण या एका फोटोने आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

पहिल्या रविवारी बहुतेकांनी सोपा रस्ता धरला. एका एआय अॅपला लिहून सांगितलं, "देवणी बैल चंद्रावर उभा आहे." आलेलं जनावर पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं होतं खरं, पण ती परदेशी गाय होती. वशिंड नाही, गळ्याची पोळी नाही, कान आखूड. देवणीचे कान लांब आणि लोंबते असतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. देवणी जात ज्या तालुक्याच्या नावाने ओळखली जाते तो देवणी तालुका उदगीरला लागूनच आहे. तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार आहेत. आमचा सर्जा वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं.

असं का होतं ते नंतर लक्षात आलं. ही मॉडेलं नावानिशी दिलेल्या असंख्य फोटोंवरून शिकतात. ज्या गोष्टीचे असे फोटो कमी, तिथे ती जवळचं काहीतरी उचलून ठेवतात. जगाच्या इंटरनेटवर परदेशी गाईंचा महापूर आहे, देवणीचे फोटो मूठभर. त्यामुळे आपल्या भागातली कुठलीही गोष्ट नुसती नावाने मागायची नाही, फोटो आपला द्यायचा. हा धडा आम्हाला वेळ अमावस्येला पुन्हा मिळाला. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, हे मराठी वाचकांतही अनेकांना माहीत नसतं. "कोप" असं लिहिल्यावर गोल भिंतीची, दाराची झोपडी आली. मग "कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वर एकत्र टेकवलेल्या, पुढून उघडी, आत पाच दगड" असं लिहिलं आणि सोबत गेल्या वर्षीचा आपला फोटो जोडला. तेव्हा कुठे आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकं, ठेवावीशी वाटेल अशी कोप आली. नाव सांगण्यापेक्षा घडण सांगावी, एका वेळी एकच बदल मागावा, आणि जेवढा भाग बदलायचा तेवढाच निवडून द्यावा. एवढं पाळलं की निम्मी डोकेदुखी जाते.

तर सर्जा. माझी अकरावीतली पुतणी एआयच्या नादी लागली नाही. नासाच्या अपोलो मोहिमांचे फोटो सगळ्यांसाठी खुले आहेत, त्यातला चंद्राच्या जमिनीचा एक तिने घेतला. स्नॅपसीड, फोटोपी सगळं करून सर्जा तिथे उभा केला, पण तो चिकटवल्यासारखाच दिसत होता. दोन दिवस ती त्या फोटोकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, सावली चुकतेय." चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उजेड पसरत नाही. सावली मिट्ट काळी आणि कडा धारदार. पोळ्याला आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे सर्जाच्या अंगावर सगळीकडून सारखा मऊ उजेड. तो उजेड कुठल्याही बटणाने कडक होत नाही. शिवाय अपोलोची यानं मुद्दाम तिथल्या सकाळी, सूर्य कमी उंचीवर असताना उतरवली होती. लांब सावल्यांमुळे खाचखळगे दिसावेत म्हणून. म्हणजे फोटोही तसाच कोवळ्या उन्हातला पाहिजे.

डिसेंबरमध्ये, सकाळी सातला थंडीत कुडकुडत ती मळ्यात गेली आणि सर्जाचा फोटो पुन्हा काढला. पण ऊन उजवीकडून आणि चंद्रावरचं डावीकडून. तिने फोटो आरशातल्यासारखा उलटा केला, बसवला, सावली काढली. इतका सुंदर जमला की ग्रुपवर सगळे थक्क. मामांनी मात्र बघितल्या बघितल्या सांगितलं, "लेकरा, हा आपला सर्जा न्हाई. सर्जाच्या डाव्या डोळ्याला काळं हाय, ह्याच्या उजव्या." दुसऱ्या रविवारी पुतणी पुन्हा गेली, ऊन डावीकडून येईल अशी बैलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि फोटो काढला. तो आता मामांच्या फोनवर लावलेला आहे.

या खेळाची खरी गोडी मला इथे वाटते. पोरगी पहाटे उठून उजेड बघायला लागली.

एआयशिवायचा आमचा सगळ्यात रंगलेला विषय "एकच माणूस तीन वेळा". जुन्या स्टुडिओत अर्धी काच झाकून डबल रोलचा फोटो काढायचे, तोच हा प्रकार. फोन स्टँडवर पक्का, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक, मग तीन जागी बसून तीन फोटो. फोटोपीत तिन्ही एकावर एक ठेवून मास्कने नको तो भाग झाकायचा. अर्ध्या तासाचं काम. भाच्याने ओट्यावर स्वतःच स्वतःला चहा देतानाचा फोटो केला, त्यावर तिसरा तोच रुसून बसलेला. लहान मुलांना लेअर म्हणजे काय ते यातून चटकन कळतं.

अक्षरांच्या बाबतीत एआयवर अजिबात भिस्त ठेवू नका. आम्हाला तरी देवनागरी जोडाक्षरं धड मिळाली नाहीत, वेलांट्या भलतीकडे आणि "अमावस्या" दर वेळी वेगळी. आम्ही फोटो आधी करतो आणि अक्षरं शेवटी कॅन्व्हा या डिझाइनच्या अॅपमध्ये हाताने बसवतो.

आता जे चुकलं ते. जानेवारीत विषय होता "आपल्या गावात नसलेला प्राणी". एका भाच्याने पाझर तलावाच्या बांधावर बिबट्या बसवला, संध्याकाळचा उजेड, पाण्यात पडछाया, सगळं बिनचूक. कुणीतरी तो मूळ फोटोशिवाय पुढे पाठवला, कोपऱ्यातली एआयची खूण कापली गेली आणि दोन तासांत तो गावाच्या ग्रुपवर फिरू लागला. त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायची लाइट रात्रीची होती. माणसं शेतात जायला तयार होईनात, एका घरात म्हातारा एकटाच वस्तीवर म्हणून रडारड झाली. मी आणि मामा घरोघर फिरलो, रिकाम्या बांधाचा मूळ फोटो दाखवला. काही जणांना तोच खोटा वाटला. मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून खरा वाटेल असा कुठलाही फोटो आमच्याकडे "खेळातला फोटो" ही अक्षरं मधोमध घालूनच टाकला जातो. कोपऱ्यात घातलं तर कापलं जातं. जेमिनीच्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूणही असते, पण शेतात निघालेला माणूस ती तपासत बसणार नाही. बिबट्या, पूर, अपघात हे विषय आम्ही कायमचे बंद केले. ज्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय चेहरा वापरायचा नाही, हा तिसरा नियमही तेव्हाच आला.

पैशाचं थोडक्यात. एका अॅपने सात दिवस फुकट म्हणून कार्ड जोडायला लावलं आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले. फुकटच्या साधनांत आमचं सगळं भागलं आहे, कार्ड कुठेही देऊ नका.

शेवटचं सांगतो ते मायचं, म्हणजे माझ्या आजीचं. होळीच्या आधीचा विषय होता "जुन्या फोटोत रंग भरा". मी मायचा लग्नानंतरचा, लातूरच्या स्टुडिओत पडद्यासमोर काढलेला काळा-पांढरा फोटो घेतला. एका अॅपने मिनिटभरात रंग भरून दिले. गुलाबी रेशमी साडी, गुळगुळीत चेहरा. मायने फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "ही कोण?" अॅपने तिच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं होतं.

"गुलाबी कुठलं रे, अंजिरी इरकल हुतं. काठ हिरवे." ती उठली, खोलीत गेली आणि एक वाकळ घेऊन आली. ते लुगडं विरल्यावर त्याच वाकळीत शिवलं होतं. मधली तीन ठिगळं त्याची. उजेडात नेऊन मी त्यांचा फोटो काढला, फोटोपीत त्यातून रंग उचलला, वेगळ्या लेअरवर कलर मोड (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून नुसता रंग चढवणारा) लावून लुगड्यावर ब्रशने फिरवला. माय शेजारी बसून सांगत होती, "ह्याच्याहून गडद. इटलंय ते आता." आणखी गडद केलं. "हां, आता." पदर तांबडा-पांढरा, चोळी खणाची. चेहऱ्याला मी हात लावला नाही, नुसता मूळ काळा-पांढरा थर खालून दिसू दिला. चार संध्याकाळी लागल्या.

प्रिंट आणून दिली तेव्हा तिने आधी गोंदणावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाली, "आणिक एक काढ. अहमदपूरच्या बहिणीला दावायचंय."